तारखांसकट

दुकानात शिरलं की उजव्या हाताला एक उंच टेबल आहे, तिथं आत्या बसते. खरं म्हणजे ती फक्त दुकानाच्या मालकिणीची आत्या, पण पुतणी दिवसातून पन्नास वेळा "आत्या, हे बघतेस का?" म्हणून हाका मारते. ते ऐकून ऐकून गिऱ्हाइकंही तिला आत्याच म्हणायला लागली आणि आता टपाल घेऊन येणारा माणूससुद्धा आत्याच म्हणतो. वय अडुसष्ट. एक चष्मा नाकावर, दुसरा डोक्यावर, आणि तरी "माझा चष्मा कुठं गेला?" हा प्रश्न रोजचा. हात मात्र असे की तांदळाच्या कणीएवढा स्क्रू चिमट्यानं उचलून जागेवर ठेवताना एकदाही थरथरत नाहीत.

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात अडुसष्ट वर्षांची बाई काय करते, असा प्रश्न नव्या माणसाच्या चेहऱ्यावर अगदी स्पष्ट दिसतो. आत्याला त्याची सवय आहे. ती चेहऱ्याकडे बघतच नाही, सरळ लॅपटॉप उलटा करते आणि स्क्रू काढायला लागते.

तिचा खरा हिसका कळतो तो जुनी डिस्क काढून नवी एसएसडी बसवायची असते तेव्हा. हे काम हल्ली रोजचंच. लॅपटॉप चांगला असतो, आतली जुनी हार्ड डिस्क म्हातारी झालेली असते, सुरू व्हायला पाच पाच मिनिटं घेते. मग त्या डिस्कवरचं सगळं नव्या एसएसडीवर उतरवायचं, याला क्लोन करणं म्हणतात. क्लोन म्हणजे नुसत्या फायली उचलून नेणं नाही. त्यात सगळं येतं: प्रोग्रॅम, पासवर्ड, पडद्यावरचा पसारा, कुठली फाइल कुठल्या दिवशी किती वाजता केली तेही. नव्या डिस्कला जुनीच आहे असं वाटावं, इतकं जसंच्या तसं.

हे काम करताना आत्या गिऱ्हाइकाला दुकानातून हलू देत नाही. समोर स्टुलावर बसवते. दोन कागदी पट्ट्या फाडते, एकीवर "देणारी" लिहून जुन्या डिस्कला चिकटवते, दुसरीवर "घेणारी" लिहून नव्या डिस्कला. मग विचारते, "तुमची माहिती आत्ता कशात आहे?" गिऱ्हाईक बोट दाखवतं. "बोट नको, तोंडानं सांगा." ते सांगतं. मग डिस्कच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे गिऱ्हाइकानं वाचायचे, आत्यानं मोठ्यानं परत म्हणायचे, पडद्यावर तेच आकडे आहेत ना ते दोघांनी बघायचं, आणि हे सगळं तीनदा झाल्याशिवाय ती बटण दाबत नाही. एकदा एका दंतवैद्यानं हसत सांगितलं, "आत्या, मी दात काढताना पेशंटला तीनदा विचारत नाही, कुठला दात म्हणून."

"मग विचारत जा," आत्या म्हणाली.

काम झालं तरी सुटका नाही. नव्या डिस्कवरून लॅपटॉप सुरू करायचा, फायली तारखेप्रमाणे लावायच्या, सगळ्यात जुनी एक उघडायची आणि सगळ्यात नवी एक उघडायची. दोन्ही टोकं नीट आली असली म्हणजे मधलंही बहुतेक आलेलं असतं, हा तिचा हिशेब. त्यानंतर जुनी डिस्क कागदात गुंडाळून, वर तारीख टाकून, महिनाभर खणात. पुतणी कधी कधी वैतागते, कारण एवढ्या वेळात दुसरं कुणी दोन लॅपटॉप मार्गी लावील. पण बोलत काही नाही. या सगळ्या उपद्व्यापाचं मूळ कशात आहे ते तिला ठाऊक आहे.

मूळ शोधायचं तर टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत मागं जावं लागेल. आत्या विसाव्या वर्षी तिथं ऑपरेटर म्हणून लागली. समोर भोकांचा मोठा बोर्ड, हातात पिना लावलेल्या दोऱ्या, कानाला हेडफोन. कुणी नंबर मागितला की बाकीच्या मुली पटकन पिन खुपसून मोकळ्या व्हायच्या. आत्या आधी तो नंबर मागणाऱ्याला परत म्हणून दाखवायची, मगच जोडायची. सेकंदभर जास्त लागायचा, पण तिनं चुकीच्या घरी फोन लावला असं कधी झालं नाही. मुली तिला "रिपीट" म्हणायला लागल्या. हे नाव घरी कसं पोचलं कुणास ठाऊक, पण तिच्या मोठ्या भावानं, दादानं, ते उचललं ते आजतागायत सोडलेलं नाही.

पुढं बोर्ड गेले, आपोआप नंबर लागायला लागले, आणि बोर्डावरच्या बायकांना संगणकाच्या खोलीत बसवलं. बऱ्याच जणींनी कपाळाला हात लावला. आत्याला मात्र ती खोली आवडली. तिथल्या इंजिनियरांच्या मागं लागून ती यंत्रं उघडायला शिकली, आणि निवृत्त झाल्यावर घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा पुतणीच्या नव्या दुकानात जाऊन बसायला लागली. लग्न तिनं केलं नव्हतं. दादा, वहिनी आणि पुतणी हेच तिचं घर. पहिल्यापासून ती त्यांच्यातच राहिली, आणि तिच्याशिवाय त्या घरात कुणाला काही सापडत नाही.

दादा लिफ्ट मेकॅनिक. चाळीस वर्षं त्यानं शहरातल्या जुन्या लिफ्ट सांभाळल्या. त्याचं म्हणणं असं की नव्या लिफ्टला कागद असतात, जुन्या लिफ्टला फक्त मेकॅनिक असतो. कुठल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दार अडतं, कुठल्या मोटरचा आवाज घोगरा झाला की काय समजायचं, कुठं मूळचा भाग मिळेना म्हणून त्यानं स्वतः पत्र्याची पट्टी कापून बसवली, हे सगळं तो खिशातल्या वह्यांत लिहून ठेवायचा. अशा एकतीस वह्या झाल्या. निवृत्तीनंतर त्यानं त्या लॅपटॉपवर उतरवायला घेतल्या. एका बोटानं टाइप करत चार वर्षं लागली. प्रत्येक लिफ्टची एक फाइल, त्यात हातानं काढल्यासारखी आकृती, ज्यासाठी तो एक जुनाट चित्रांचा प्रोग्रॅम वापरायचा. शेवटची वही संपली तेव्हा वहिनीनं विचारलं, "आता या वह्यांचं काय?" दादा म्हणाला, "रद्दीत दे. सगळं यात आहे."

आणि त्यानंतर दोन महिन्यांनी, नऊ वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्याच्या चौदा तारखेला, आत्यानं ते सगळं पुसून टाकलं.

दुकानात येऊन तिला तीनच आठवडे झाले होते. दादाची डिस्क कुरकुर करायला लागली होती, म्हणून त्याच कंपनीची, त्याच मापाची नवी डिस्क आणली होती. क्लोन करायच्या प्रोग्रॅममध्ये दोन चौकटी होत्या, वरची देणाऱ्या डिस्कची, खालची घेणाऱ्या डिस्कची, पण तसं ठळक कुठं लिहिलं नव्हतं. एक्स्चेंजमध्ये जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी शिकवलेला पहिला नियम असा होता: मागणाऱ्याची पिन आधी, देणाऱ्याची नंतर. हा नियम आत्याच्या हाडात मुरलेला. नवी डिस्क कोरी, म्हणजे मागणारी ती. म्हणून तिनं नवी वर टाकली आणि जुनी खाली. आकडेही मोठ्यानं म्हटले, अगदी बरोबर म्हटले. खालच्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं प्रोग्रॅमनं विचारलं. आत्यानं घाईत, नीट न वाचता, चालेल म्हणून सांगितलं. दीड तासानं दोन्ही डिस्क सारख्या कोऱ्या होत्या.

पुतणीनं संध्याकाळपर्यंत खटपट केली. काही हाती लागलं नाही. आत्या घरी गेली आणि दादासमोर उभी राहिली. शेवटी पुतणीनंच सांगितलं. दादानं तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "अगं, एवढंच ना? पेन ड्राइव्हवर प्रत आहे माझ्याकडं. तू जेव आधी."

आत्या जेवली नाही, पण त्या रात्री झोपली तरी. नव्या डिस्कवर पुतणीनं सगळं पहिल्यापासून घालून दिलं, चित्रांच्या प्रोग्रॅमची सीडी तेवढी दादानं कुठून तरी मागून आणली, आणि लॅपटॉप घरी गेला. पुढं दादाला डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं. तो सकाळी न्याहारी करून निघायचा तो जेवायच्या वेळेला यायचा. आत्यानं त्याला चांगले बूट आणून दिले, "बागेत चार फेऱ्या पुरेत, शहर पालथं घालू नकोस," म्हणून दमही दिला. वहिनीची तक्रार वेगळीच होती. फिरायला जाणाऱ्या माणसाच्या शर्टाच्या बाहीला वंगण कसं लागतं, हे तिला उमगत नव्हतं.

"बागेतल्या बाकाला लावलंय," दादा म्हणायचा. "पावसात गंजतात ना."

आणि बागेतल्या बाकांना वंगण लावणाऱ्या माणसाला वहिनी दीड-एक वर्ष नावं ठेवत राहिली.

झालं ते झालं, पण आत्याच्या मनातून ते गेलं नाही. त्या पट्ट्या, ते चार आकडे, ते तीनदा म्हणणं, सगळं तिथून सुरू झालं. शेकडो डिस्क तिनं उतरवल्या, एकीतही चूक नाही. मात्र दादाच्या लॅपटॉपला तिनं पुन्हा बोट लावलं नाही. त्याला काही झालं की "तुझी लेक बघेल," म्हणून ती दुसरं काही तरी उघडून बसायची.

आणि या वर्षी दादाची तीच डिस्क, त्या दिवशी नवी होती ती, म्हातारी झाली.

"बाबा, ठेवून जा, मी उद्या करून देते," पुतणी म्हणाली.

"तू नाही," दादा म्हणाला. "रिपीट करेल."

आत्या मान खाली घालून एका कीबोर्डमधली धूळ काढत होती. "मला वेळ नाही," ती म्हणाली.

"मला घाई नाही," दादा म्हणाला. त्यानं लॅपटॉप तिच्या टेबलावर ठेवला. "हे बघ, मला सगळं जसंच्या तसं हवं. तो चित्रांचा प्रोग्रॅम आता कुठं मिळायचा नाही. एक चिन्ह इकडचं तिकडं झालं तर मला काही सापडत नाही, तुला माहितीये."

"म्हणूनच म्हणते, तिच्याकडं दे."

"तुझ्याच हातून करायचं," दादा म्हणाला आणि निघून गेला. गुडघे दुखत असल्यामुळं त्याचं हे ऐटीत निघून जाणं जरा लांबलं, पण त्यानं मागं वळून बघितलं नाही.

मग आत्यानं चालढकल सुरू केली. सोमवारी दंतवैद्याचा लॅपटॉप तातडीचा होता. मंगळवारी केबलवर तिचा भरवसा नव्हता. बुधवारी नवी केबल आली, तर डोकं दुखत होतं. गुरुवारी तिला आठवलं की मोठं काम करण्यापूर्वी खण आवरलेला बरा, आणि खण आवरण्यात गुरुवार गेला. दादाही असा की, लॅपटॉप टेबलावर नुसता पडलाय म्हणून संध्याकाळी घरी घेऊन जायचा आणि सकाळी आणून ठेवायचा. वापरू नकोस म्हणून तिनं बजावलं होतं. तो हो म्हणायचा. पण शहरात कुठं तरी जुन्या लिफ्टमध्ये कुणी अडकलं, की नवे मेकॅनिक दादालाच फोन करतात, आणि मग फाइल उघडल्याशिवाय इलाज नसतो.

शनिवारी सकाळी दादानं तिला हळूच सांगितलं, "आतून टकटक आवाज येतोय."

म्हाताऱ्या डिस्कनं टकटक सुरू केली की तिचे दिवस भरले. एकदा बंद पडली की कुणाचा बाप आला तरी त्यावरचं काही मिळत नाही. आत्याला स्वतःचाच राग आला. नऊ वर्षांपूर्वी घाईत घालवलं आणि आता भीतीपायी घालवायला निघाले, असं तिला वाटलं. "उद्या सकाळी चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "आणि तोपर्यंत त्याला हात लावलास तर बघ."

रविवारी दुकान बंद असतं. आत्यानं शटर अर्धं वर केलं आणि दादाला स्टुलावर बसवलं. लॅपटॉप उलटा केला, बॅटरी सोडवली, डिस्क काढली. हाताच्या तळव्यावर ती घेतली तेव्हा तिला ओळख पटली. हीच ती मागणारी. नऊ वर्षांत देणारी झाली होती.

पट्ट्या चिकटवल्या. दोन्ही डिस्क दुकानातल्या संगणकाला जोडून क्लोनचा प्रोग्रॅम सुरू केला. खराब जागा आली तर तिथं डोकं आपटत न बसता ती सोडून पुढं जायचं, असं त्याला सांगितलं.

"तुमची माहिती आत्ता कशात आहे?" ती म्हणाली. गिऱ्हाइकाशी बोलायची सवय, दादाला "तुमची" म्हणून गेली.

दादानं हसू दाबलं. "जुन्या डिस्कमध्ये."

"शेवटचे चार आकडे?"

"सात, शून्य, तीन, तीन."

"सात, शून्य, तीन, तीन. देणारी. नवीचे?"

"दोन, आठ, आठ, एक."

"दोन, आठ, आठ, एक. घेणारी."

तीनदा झालं. आत्यानं चौथ्यांदाही म्हणायला लावलं. मग प्रोग्रॅमनं तोच जुना प्रश्न विचारला, पुसलं जाईल, चालेल का? आत्याचं बोट बटणावर गेलं आणि तिथंच राहिलं. घाम आला नव्हता, हात थरथरत नव्हता, पण बोट काही केल्या खाली जाईना.

दादा स्टुलावरून जरा पुढं सरकला. मग एक्स्चेंजवर लोक म्हणायचे तसं म्हणाला, "रिपीट, लाव लाइन."

तिनं बटण दाबलं.

तासाभरात वीस टक्के झालं. दादाची अस्वस्थता सुरू झाली. तो उठायचा, पडद्याकडं बघायचा, "एकवीस," म्हणायचा, बसायचा. तेविसाव्या टक्क्याला आत्यानं त्याला घरी पाठवून दिलं. जेवण पाठवलं तरी चालेल, पण तू येऊ नकोस, असंही सांगितलं. मग तिनं टेबलफॅन डिस्ककडं वळवला आणि हाताची घडी घालून बसली.

एकसष्ट टक्क्यांवर घोडं अडलं. टकटक, टकटक, मग शांतता, मग पुन्हा टकटक. चाळीस मिनिटं आकडा हलला नाही. अशा वेळी नवशिका माणूस केबल हलवतो, बटणं दाबतो, आणि असलेलं घालवतो. आत्या जागची हलली नाही. पाणी प्यायलाही उठली नाही. वाईट वाटण्याची वेळ नंतरही मिळेल, असं तिनं स्वतःला बजावलं. अडीच वाजता आकडा बासष्ट झाला आणि मग एखाद्या जुन्या लिफ्टसारखा, मधे धक्के खात, पण वर चढत गेला. चार वाजता काम संपलं. चौदा जागा वाचता आल्या नाहीत, असं खाली लिहून आलं.

तिनं एसएसडी लॅपटॉपमध्ये बसवली, सगळे स्क्रू पिळले, आणि सुरू केला. वीस सेकंदांत दादाचा पडदा समोर आला, सगळी चिन्हं जिथल्या तिथं. आत्याच्या जिवात जीव आला. पण ती चौदा भोकं कुठं पडलीत ते बघायला हवं होतं. नेहमीसारखी दोन टोकं बघून आज भागणार नव्हतं. तिनं "लिफ्ट" नावाचा फोल्डर उघडला. चारशे बारा फायली. तारखेप्रमाणे लावल्या आणि सगळ्यात जुनीवर आली.

सोळा मार्च. नऊ वर्षांपूर्वीचा. वेळ, दुपारी एक वाजून दहा मिनिटं.

आत्यानं डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला. दुसरी फाइल, सतरा मार्च. तिसरी, अठरा. मग वीस. अशी पानंच्या पानं, दिवसाला एक, क्वचित दोन, बहुतेक सगळ्या दुपारच्या जेवणाच्या आगेमागे, थेट पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत. पेन ड्राइव्हवर प्रत असती, तर सगळ्या फायली एका दिवसात या डिस्कवर आल्या असत्या आणि सगळ्यांवर एकच तारीख पडली असती. हे आत्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हे ती रोज बघते.

तिनं पहिली फाइल उघडली. दादाची आकृती होती, आणि खाली लिहिलं होतं: "आज पुन्हा जाऊन पाहिली. वॉचमननं ओळखलं, नाही तर वर जाऊ दिलं नसतं. जुन्या वहीत दाराचं माप होतं ते आठवेना. पुन्हा मोजलं."

दुसरीत होतं: "मशीनरूमची किल्ली कुणाकडं नव्हती. दोन तास बसलो."

प्रत कधी नव्हतीच. वह्या रद्दीत गेलेल्या. चौसष्ट वर्षांचा माणूस डॉक्टरचं नाव सांगून दीड वर्ष रोज घरातून निघत होता, इमारती चढत होता, लिफ्टच्या टपावर वाकून मापं घेत होता, आणि घरी येऊन एका बोटानं लिहीत होता. आणि तिनं त्याला बागेत फिरण्यासाठी बूट आणून दिले होते. वंगण लावलेल्या बाकांची आठवण झाली तेव्हा आत्याला हसू आलं, आणि त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते तिला कळलं नाही. शटर अर्धं खाली होतं ते बरं झालं. ती खूप वेळ रडली, मग नाक पुसलं, आणि उरलेल्या फायली एकेक करून उघडून बघायला लागली, कारण ते काम अजून व्हायचं होतं.

चारशे अकरा उघडल्या. दोनशे सदतिसावी उघडेना.

सात वाजता दादा थर्मासमध्ये चहा घेऊन आला. शटरखालून वाकून येताना गुडघ्यावर हात ठेवून थांबला.

"झालं?"

"झालं. एक फाइल गेली. दोनशे सदतीस. मी आठवडाभर थांबले नसते तर गेली नसती. माझी चूक." आत्यानं एका दमात सांगून टाकलं.

"एकच ना? बाकी सगळं आलं?"

"सगळं आलं," आत्या म्हणाली. "तारखांसकट."

दादा थर्मासचं झाकण फिरवत होता. ते फिरायचं थांबलं.

"तारखा पण येतात?"

"क्लोन आहे दादा. जसंच्या तसं येतं."

"मग नुसत्या फायली उचलून ठेवायच्या होत्यास," दादा पुटपुटला. त्यानं चहा ओतला, थोडा टेबलावर सांडला, रुमालानं पुसला. आत्या बघत राहिली.

"का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? डॉक्टरनं चालायला सांगितलंच होतं. तेवढं खोटं नव्हतं."

"दादा."

मग दादा स्टुलावर बसला. "सांगितलं असतं तर तू परत स्क्रूड्रायव्हर हातात घेतला असतास का?" तो म्हणाला. "त्या दिवशी तुझा चेहरा बघितला होता मी. लिफ्टचं काय, त्या उभ्याच होत्या जागेवर. पुन्हा जाऊन बघता येत होत्या."

आत्याला पुष्कळ बोलायचं होतं. पण चहा गार होत होता आणि दादाला आधीच संकोच झाला होता, म्हणून तिनं कप उचलला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "दोनशे सदतीस कुठली?"

"घड्याळाच्या चौकातली. सहा मजली. जाळीच्या दाराची." दादानं गुडघा चोळला. "राहू दे. आता माझ्यानं मशीनरूमचा जिना चढवत नाही."

"मला चढवतो," आत्या म्हणाली.

सोमवारी पुतणीला दुकानात उजव्या हाताचं टेबल रिकामं दिसलं. टेबलावर चिठ्ठी होती: "दुपारपर्यंत येते. दंतवैद्याला थांबव."

घड्याळाच्या चौकातल्या इमारतीत, जाळीच्या दाराच्या लिफ्टजवळ, तळमजल्यावर दादा भिंतीला टेकून उभा होता. जिन्याच्या वर, सहाव्या मजल्याच्याही वर, मशीनरूममध्ये आत्या टेप घेऊन वाकली होती. दोघांच्या कानाला फोन. दादा विचारायचा, ती मोजायची आणि सांगायची, तो लिहून घ्यायचा.

"मोठ्या चाकाची रुंदी?"

"चौदा."

"चौदा," दादा खालून म्हणाला.

आत्या टेप तशीच धरून थांबली. चार वर्षं वह्यांतून, दीड वर्ष इमारतींतून त्यानं सगळं एकट्यानं लिहिलं होतं, तिथं परत म्हणायला कुणी नव्हतं.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

"चौदा."

"चौदा. बरोबर. पुढं."

ती परत उतरली तेव्हा तिच्या बाहीला कोपरापर्यंत वंगण लागलं होतं. संध्याकाळी वहिनीनं ते बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"वन्सं, आता तुम्हीसुद्धा?"

"बागेतल्या बाकाचं आहे," आत्या म्हणाली, आणि दादानं वर्तमानपत्र जरा उंच धरलं.